दिगंबरांचा विष्णू, विष्णूचा दत्तात्रेय

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा माझ्या घरात दोन महिने एकच विषय चालू होता. नातू बारावी झाला. मार्क चांगले पडले. आणि पेढे वाटून झाल्यावर त्याच रात्री त्याने सांगून टाकलं की मला गाणं करायचंय. म्हणजे छंद म्हणून नव्हे, गाण्यावरच पोट भरायचं म्हणतो. चिरंजीवांनी त्याच्या इंजिनिअरिंगसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले. मग काय, बापलेकांचं बोलणं बंद. सूनबाई दोघांच्या मध्ये ताटं वाढतेय. आणि शेवटी दोघांनीही येऊन माझ्याच गळ्यात निवाडा घातला.

मी निवाडा करणारा कोण? मी स्वतः तरुणपणी साताऱ्यात चार वर्षं गाणं शिकलो. गांधर्वच्या दोन-तीन परीक्षा दिल्या. पुढे वडिलांनी एका संध्याकाळी शांतपणे विचारलं की यात संसार चालेल का रे, आणि मला उत्तर देता आलं नाही. कचेरीत चिकटलो, पेन्शनीत निघालो. भाकरी मिळाली, देवाच्या कृपेने कमी पडलं नाही. दर गुरुवारी दत्ताच्या भजनाला पेटी वाजवतो, तेवढंच माझं गाणं उरलं. म्हणून नातवाला हो म्हणावं तर चिरंजीवांची काळजी खरी, आणि नाही म्हणावं तर माझ्याच वडिलांचा प्रश्न मी त्या पोराला विचारणार. काय करावं सुचेना. तेव्हा मी त्या दोघांना एका माणसाचं चरित्र सांगितलं. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यात दत्तमहाराजांचा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, म्हणून या अंकात ते शोभेल असं वाटतं.

माझा जन्म कृष्णाकाठचा, भिलवडीच्या बाजूचा. मी शाळेत जायला लागलो तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. १९६० साली त्याचा सांगली जिल्हा झाला. आमच्या पट्ट्यात औदुंबर आहे, जिथे श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी चातुर्मास केला. औदुंबर ज्या तालुक्यात येतं, त्या तालुक्याचं गाव पलूस. किर्लोस्करवाडीच्या शेजारचं. या पलूस गावावरून एका गाडगीळ घराण्याला पलुसकर हे नाव पडलं. पुढे ते घराणं कुरुंदवाडला स्थायिक झालं. त्या घरात १८ ऑगस्ट १८७२ रोजी, श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला, एक मुलगा जन्मला. तेच गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

कुरुंदवाड म्हणजे आपल्या नृसिंहवाडीच्या अगदी समोर. मध्ये नदी, इकडे वाडी, तिकडे कुरुंदवाड. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्वामी महाराज बारा वर्षं राहिले, पादुका तिथे औदुंबराखाली ठेवल्या. पाऊस लागला की कृष्णामाई स्वतः पादुकांना स्नान घालायला येते, तो दक्षिणद्वाराचा सोहळा तुम्ही-आम्ही पाहिलेला आहे. त्या गजराच्या कानाकोपऱ्यावर हे मूल वाढलं. वडिलांचं नाव दिगंबर. आपण ज्या नामाचा गजर करतो तेच. दिगंबर गोपाळ पलुसकर हे कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरात सूर-ताल कुणी मुद्दाम शिकवत नाही. घरात जसं पीठ-मीठ असतं तशी झांज आणि एकतारी असते. मूल चालायला लागलं की टाळ धरतं.

ह्या मुलाने तरी शिकून सवरून चांगली नोकरी करावी, अशीच त्या घराची इच्छा असणार. शाळेत तो जात होता. पण एका दत्तजयंतीला, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या उत्सवात, शोभेची दारू उडवताना ती त्याच्या तोंडाजवळ फुटली आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात उपचार नव्हते. काही काळ तर दिसेनासंच झालं. पुढे मिरजेला नेऊन डॉ. भडभडे यांच्याकडे उपचार केले, तेव्हा थोडीफार दृष्टी परत आली, पण अधू ती अधूच राहिली. पुस्तकी शिक्षण तिथे संपलं.

इथे थोडं थांबतो. ही गोष्ट सांगितली की लोक चटकन म्हणतात, बघा, महाराजांचीच योजना होती, डोळे अधू झाले म्हणून देशाला गवई मिळाला. मला असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या रात्री त्या आईला काय वाटलं असेल? उत्सव आपल्या महाराजांचा, आणि पोर घरी आणलं ते डोळ्यांना फडकं लावून. महाराज कुणाचे डोळे घेत नाहीत. घेते ती आपली बेफिकिरी. पण हानी झाल्यावर मागे जे उरतं, त्याचं काय करायचं ती बुद्धी मात्र महाराज देतात, यावर माझी श्रद्धा आहे. म्हणून जाता जाता उत्सवातल्या कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, दारूकाम करायचंच असेल तर पोरांना लांब ठेवा, पाण्याच्या बादल्या भरून ठेवा. प्रत्येक घरी विष्णु दिगंबर निपजत नाही. बहुतेक घरी नुसतं दुखणं राहतं.

डोळ्यांवर ताण येईल असं काम करता येणार नाही, मग या मुलाने करायचं काय? गळा होता. गाणं शिकवायचं ठरलं. हा निर्णय आज आपल्याला सोपा वाटतो. तेव्हा नव्हता. हरिदासाला समाजात मान होता, गवयाला नव्हता. गवई म्हटलं की मैफली, व्यसनं, रात्रीची जागरणं, कुणा श्रीमंताच्या मर्जीवर काढलेले दिवस, असंच लोकांच्या डोळ्यांपुढे यायचं. सभ्य घरातलं मूल गाण्याच्या वाटेला गेलं की आईबाप मान खाली घालायचे. आमच्या चिरंजीवांना आज वाटते ती भीती म्हणजे काही नाही.

सुदैवाने मिरज जवळ होती. मिरजेचे अधिपती श्रीमंत पटवर्धन गुणांची कदर करणारे. त्यांनी या मुलाला आश्रय दिला आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या स्वाधीन केलं. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारा माणूस. स्वतः तरुणपणी गाण्यासाठी वणवण करत उत्तरेत गेले, वासुदेवबुवा जोशींकडे राहिले, सेवा केली, तेव्हा ती विद्या मिळाली. जी वस्तू इतक्या कष्टाने आणली ती ते सहज कुणाच्या ओंजळीत टाकणार नव्हते. त्या काळचं गुरुगृह आजच्या क्लाससारखं नव्हतं. पाणी भरायचं, सांगितलेलं काम करायचं, गुरू गायला बसले की मागे तंबोरा धरायचा आणि कान उघडे ठेवायचे. लिहून घ्यायची सोय नाही. या मुलाला तर डोळ्यांनी तीही नव्हती. जे मिळेल ते कानाने घ्यायचं आणि गळ्यात मुरवायचं. एकेक पलटा, एकेक तान शेकडो वेळा. अशी वर्षामागून वर्षं गेली. दत्तसंप्रदायात आपण गुरुसेवेच्या कथा वाचतो, पारायण करतो. ती सेवा प्रत्यक्ष कशी असते हे मिरजेतल्या या पोराने पाहिलं.

याच मिरजेत त्यांच्या आयुष्याला वळण देणारा एक प्रसंग घडला असं त्यांच्या चरित्रात सांगतात. दरबारच्या मर्जीतला म्हणून एका समारंभाचं आमंत्रण या तरुण शिष्याला आलं, पण त्याच्या गुरूंना मात्र नव्हतं. त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की ते काय, गवईच आहेत, त्यांना कशाला बोलवायचं, असा लोकांचा भाव. विचार करा. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो, ज्यांना देवाच्या जागी मानतो, त्यांना गावातल्या प्रतिष्ठितांच्या पंगतीत पाट नाही! हे त्या मुलाच्या मनाला लागलं ते कायमचं. आपण चांगलं गायचं एवढ्याने भागणार नाही; गाणाऱ्याकडे बघण्याची लोकांची नजरच बदलली पाहिजे, हे त्यांनी तिथे ठरवलं.

१८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली. संस्थानचा आश्रय होता, जेवणाखाण्याची ददात नव्हती. ते सगळं मागे ठेवलं आणि निघाले. औंध झालं, सातारा झाला. साताऱ्यात त्यांचं गाणं लोकांनी मनापासून ऐकलं, नाव झालं. मी साताऱ्यातल्या पेठांमधून संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा मनात येतं की खिशात ठरावीक पगाराची खात्री नसलेला, डोळ्यांनी अधू असा चोवीस वर्षांचा पोरगा याच चढउतारांवरून तंबोरा सांभाळत गेला असेल. याच गावात वडिलांनी मला तो प्रश्न विचारला होता. मी खाली बसलो. तो पुढे गेला.

पुढे बडोदा, मग सौराष्ट्र. सौराष्ट्रात त्यांनी जे केलं त्याला आपल्या संगीताच्या इतिहासात फार मोठी जागा आहे. त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज आपल्याला यात काय विशेष वाटणार? पण तोवर चांगलं गाणं ऐकायचं तर दोनच ठिकाणं, देऊळ नाहीतर दरबार. देवळात गायलेलं सर्वांचं, पण गवयाचं पोट तिथे भरत नाही. दरबारात पोट भरतं, पण मालक एकच, आणि त्याची मर्जी फिरली की गवई रस्त्यावर. तिकिटाने काय केलं, तर शेतकरी, दुकानदार, मास्तर, कारकून असे शंभर मालक गवयाला मिळाले. कुणा एकापुढे वाकायची गरज उरली नाही.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात येईल, माझ्याही आलं होतं, की गाणं ही सरस्वती, तिला तिकीट कसं लावायचं? भक्तीचे पैसे घ्यायचे का? मी याचा पुष्कळ विचार केला. आपण कीर्तनकाराला बिदागी देतो, आरतीच्या ताटात दक्षिणा टाकतो, गुरुजींना शिधा देतो. ती भक्तीची किंमत नसते. त्या माणसाच्या घरी चूल पेटावी म्हणून दिलेला तो वाटा असतो. दिगंबरबुवा कीर्तनाच्या बिदागीवर संसार करत होते, त्यांच्या मुलाने तीच रीत सभागृहात नेली, एवढंच. फरक इतका की बिदागी देणाऱ्याच्या मनावर असते, आणि तिकिटाचा दर गाणाऱ्याने आधी सांगितलेला असतो. दुसरं जास्त सरळ आहे असं आता मला वाटतं.

सौराष्ट्रातच गिरनार. दत्तभक्ताला गिरनारचं महत्त्व काय सांगावं! हजारो पायऱ्या चढून गुरुशिखरावर पादुकांवर डोकं टेकवलं की पायांचा शीण जातो. त्या गिरनारच्या परिसरात विष्णुबुवांना एक साधू भेटले आणि त्यांनी उत्तरेकडे, पंजाबात जाऊन काम सुरू कर असं सुचवलं, असं चरित्रात येतं. ते साधू कोण, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे समजावं. पावलं मात्र उत्तरेकडे वळली. ग्वाल्हेर झालं, म्हणजे गुरूंच्या गुरूंचं गाव. मथुरेला राहून त्यांनी ब्रजभाषा शिकून घेतली, कारण आपण ज्या चिजा गातो त्यातले शब्द ब्रजातले. शब्द कळल्याशिवाय भाव कसा कळणार? मग दिल्ली, पंजाब, आणि शेवटी लाहोर.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडपासून कुठे लाहोर! भाषा वेगळी, हवा वेगळी, ओळखीचं कुणी नाही. पाठीशी राजा नाही. फी, देणग्या आणि स्वतःच्या जलशांचं उत्पन्न, यावर शाळा चालवायची. सुरुवातीला शिकायला कुणी फिरकेना. तेव्हा पाटी लावलेल्या त्या रिकाम्या शाळेत ते स्वतःच तंबोरा घेऊन वेळेवर बसत आणि रियाज करत, असं सांगतात. हळूहळू माणसं आली. चांगल्या घरची मुलं आली, पुढे घरंदाज स्त्रियाही शिकू लागल्या. शाळेला वेळापत्रक होतं, वर्ग होते, परीक्षा होत्या. निवडक होतकरू मुलांना ते स्वतःजवळच ठेवून घेत, जेवणखाण, कपडालत्ता सगळं शाळेकडे; त्या मुलांनी वर्षानुवर्षं शिकायचं आणि मग गावोगाव जाऊन शिकवायचं. म्हणजे मिरजेचं गुरुगृह त्यांनी मोडलं नाही; शाळेच्या पोटात घालून जपलं.

नातवाला मी हा भाग दोनदा सांगितला. कारण गाण्यावर पोट म्हणजे नुसतं स्टेज, हार आणि टाळ्या, असं आजच्या मुलांना वाटतं. विष्णु दिगंबरांनी काय काय केलं ते बघा. ते जलसे करत. शिकवत. स्वरलिपी तयार करून त्यांनी चिजा कागदावर उतरवल्या, म्हणजे गुरूच्या गळ्यात बंद असलेली वस्तू विद्यार्थ्याच्या हातात आली. ज्यांना स्वतःला वाचणं कठीण, त्यांनी इतरांना वाचता यावीत म्हणून संगीताची कितीतरी पुस्तकं काढली. त्यासाठी छापखाना घातला, संगीताला वाहिलेलं मासिक चालवलं, वाद्यं तयार करण्या-दुरुस्त करण्याची सोय केली. गाण्याच्या आजूबाजूला जेवढे धंदे उभे राहू शकतात तेवढे त्यांनी उभे केले. आणि राहणी अशी की कुणाला बोट दाखवायला जागा नाही. व्यसन नाही, वेळ पाळायची, कपडे नीटनेटके, बोलणं मर्यादेचं. गवई म्हणजे असाही असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

१९०८ साली त्यांनी मुंबईला शाळा काढली. ती वाढली. इतकी की स्वतःची मोठी इमारत हवी झाली. सँडहर्स्ट रोडवर इमारत बांधली, वसतिगृह केलं. त्यासाठी कर्ज काढलं. आता चिरंजीवांनी कान टवकारले. खरं ते सांगायला हवं, म्हणून सांगितलं. कर्ज फिटलं नाही. पंडितजी गावोगाव जलसे करायचे, मिळेल तो पैसा शाळेत ओतायचे, पण व्याज पुढे आणि पैसा मागे. शेवटी सावकारांनी जप्ती आणली आणि इमारतीचा लिलाव झाला. वीस-बावीस वर्षांच्या कष्टांचं ते फळ डोळ्यांदेखत गेलं. आपल्यापैकी ज्याने विटेवर वीट ठेवून घर बांधलंय त्याला हे दुःख समजेल.

घरातलं दुःख तर त्याहून मोठं. त्यांना बारा मुलं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. अकरा. हा आकडा लिहितानाही हात थांबतो. त्या माऊलीने, रमाबाईंनी, ते कसं सोसलं असेल हे तिलाच माहीत. एकच मुलगा राहिला. १९२१ साली जन्मलेला. त्याचं नाव दत्तात्रेय.

ज्या दत्तजयंतीला आपले डोळे अधू झाले, त्या देवाचं नाव मुलाला! मनात अढी असती तर हे नाव त्या घरात आलं नसतं. दिगंबरांचा विष्णू आणि विष्णूचा दत्तात्रेय. मी या नावांकडे बघत बसतो.

उत्तरायुष्यात पंडितजी रामनामाकडे वळले. १९२२ साली नाशिकला त्यांनी श्रीरामनाम आधार आश्रम काढला. तुलसीदासांचं रामायण गाऊन सांगू लागले. वडिलांची कीर्तनाची गादी ते शेवटी अशी चालवायला आले असं म्हणायला हरकत नाही. गांधीजींच्या सभांमधून गायल्या जाणाऱ्या रामधुनीची चाल त्यांच्या नावाने ओळखली जाते. साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचं संगीत सांभाळायला त्यांनी आपला शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना दिला, ते पुढे दांडीयात्रेतही चालले. काँग्रेसच्या अधिवेशनात वंदे मातरम् म्हणायला पंडितजींना बोलावत. १९२३ साली काकीनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी ते डगमगले नाहीत. गाणं पुरं करूनच थांबले. सावकाराने इमारत नेली होती, कणा कुणी नेला नव्हता.

शेवटी शरीर थकलं. ज्या मिरजेत गाणं सुरू झालं त्याच मिरजेत, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, त्यांनी देह ठेवला. एकोणसाठ वर्षं पुरी होऊन तीनच दिवस झाले होते. मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा.

आता हिशेब मांडू. पदरी काय राहिलं? पैसा नाही. इमारत नाही. पण त्याच १९३१ साली शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गावोगावची मुलं प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत ज्या परीक्षा देतात, त्या या मंडळाच्या. मी साताऱ्यात दिलेल्या परीक्षाही त्याच. आमचे मिरजेचे विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेचेच बा. र. देवधर मुंबईत शिकवू लागले. कोल्हापूरचे नारायणराव आणि शंकरराव व्यास, गुजरातचे ओंकारनाथ ठाकूर, असे एकेक शिष्य म्हणजे एकेक शाळाच. पोरक्या दत्तात्रेयाला नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांनी शिकवलं. तो डी. व्ही. पलुसकर या नावाने भारतभर गाजला, त्याची भजनं आमच्या पिढीने रेडिओला कान लावून ऐकली. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. पण त्याचा स्वर अजून पहाटे कुठेतरी लागतो आणि आपण हातातलं काम थांबवतो.

हे सगळं सांगून झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. चिरंजीव म्हणाले, बाबा, तुम्ही त्याच्या बाजूने सांगितलंत की माझ्या? मी म्हटलं, मी कर्जही सांगितलं आणि लिलावही सांगितला, लपवलं काही नाही. नातवाने मात्र एक चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, आजोबा, एवढं सोसून शेवटी ते सुखी होते का? मला काय माहीत? मी त्याला एवढंच सांगितलं की ते सुखासाठी निघाले नव्हते. आपल्या गुरूंना पंगतीत पाट मिळावा म्हणून निघाले होते. तो पाट त्यांनी मिळवून दिला. आज तू गाणं शिकतोस हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो, कुणी नाक मुरडत नाही. नाक मुरडत नाही ते त्यांच्यामुळे. तुला निघायचं असेल तर तू कशासाठी निघतोस ते आधी मनाशी ठरव. टाळ्यांसाठी निघत असशील तर बापाचं ऐक.

मग आम्ही तिघांनी बसून व्यवहाराचं बोललो. संगीतातली पदवी घ्यायची. पहाटेचा रियाज चुकवायचा नाही. दुसऱ्या वर्षापासून लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च स्वतः काढायला लागायचं. कर्ज काढून काही करायचं नाही. हे शेवटचं कलम चिरंजीवांचं, आणि पंडितजींचं चरित्र ऐकून ते मलाही पटलं.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन वाडीला जाऊन आलो. संगमावर हातपाय धुतले, पादुकांचं दर्शन घेतलं. पलीकडे कुरुंदवाड दिसतं, ते त्याला दाखवलं. येताना मिरजेला उतरलो. तिथल्या सतारमेकर गल्लीत अजून तंबोरे होतात. वाळवलेले भोपळे रांगेने टांगलेले असतात, कारागीर मांडी घालून घोडीवरची जवारी लावत बसलेले असतात. तारेखाली दोरा सरकवतात, ऐकतात, पुन्हा सरकवतात. नातू तासभर तिथून हलला नाही. एका तंबोऱ्याची तार त्याने छेडली आणि डोळे मिटले. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खाली बसलेला माणूस आता जरा उठल्यासारखा वाटला.

घरी आलो. रात्री जेवताना चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. हात धुवायला उठता उठता मात्र त्यांनी विचारलं, तंबोऱ्याला साधारण किती पडतात?

महाराज, सगळ्यांच्या लेकराबाळांना त्यांची त्यांची वाट दाखवा, आणि त्या वाटेवर चालायचं बळ द्या, हीच या दत्तजयंतीला चरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥